लेक्चरच काढून टाकलं तेव्हा: डिकिन्सन कॉलेजच्या वर्कशॉप फिजिक्सचं प्रकरण

फर्स्ट इयरचं फिजिक्स कसं शिकवावं यावर आपल्याकडे चर्चा निघाली की गाडी दोनच स्टेशनांवर अडकते, एक म्हणजे "लॅबमध्ये इक्विपमेंट नाही" आणि दुसरं "पोर्शन संपत नाही". या दोन्ही गोष्टींवर एका कॉलेजने १९८० च्या दशकात सरळ निर्णय घेतले, ते वर्षानुवर्षं राबवले आणि काय मिळालं, काय सोडावं लागलं हे उघडपणे लिहून ठेवलं, म्हणून ते प्रकरण इथे पूर्ण मांडतेय. कॉलेजचं नाव डिकिन्सन, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल या छोट्या गावातलं, १७८३ मध्ये सुरू झालेलं जुनं कॉलेज, मोठी रिसर्च युनिव्हर्सिटी वगैरे काही नाही, पदवीपर्यंतचंच शिक्षण, आणि म्हणूनच आपल्या तालुक्याच्या कॉलेजातल्या शिक्षकांनी त्याच्याकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

आधी दुखणं काय होतं ते बघू. १९८५ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या इब्राहिम हल्लून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी एक टेस्ट प्रसिद्ध केली. आकडेमोड नाहीच म्हटलं तरी चालेल, बल आणि गती यांबद्दल साध्या भाषेतले प्रश्न, आणि ती टेस्ट त्यांनी कोर्सच्या आधी आणि कोर्स संपल्यावर अशी दोनदा घेतली. दिसलं असं की पोरं ज्या कल्पना घेऊन वर्गात येतात त्याच बऱ्याचशा घेऊन बाहेर पडतात, आणि शिकवणारा बदलला, चांगलं बोलणारा असला, डेमो करून दाखवणारा असला तरी त्या निकालात फारसा फरक पडत नाही. ही शेवटची गोष्ट शिक्षक म्हणून पचायला जड जाते, कारण आपण सगळे मनातून हेच धरून चालतो की मी नीट समजावून सांगितलं तर कळेल.

या जातीच्या टेस्टमधला एक प्रश्न सांगते, उद्या वर्गात विचारून बघा. नाणं सरळ वर फेकलं, हातातून सुटलंय, अजून वर चाललंय, हवेचा विरोध सोडून द्या, आता त्याच्यावर बल कुठल्या दिशेने आहे? बहुतेक जण सांगतात वरच्या दिशेने, आणि वर जाता जाता ते कमी होत जातं, टोकाला शून्य होतं. हीच पोरं बारावीला न्यूटनचे तिन्ही नियम शब्द न शब्द लिहून आलेली असतात, एफ बरोबर एम ए वर गणितं सोडवून आलेली असतात. उत्तर एकच आहे, बल सतत खाली आणि सतत तेवढंच, पण वर जाणाऱ्या वस्तूला कोणीतरी वर ढकलत असलंच पाहिजे ही समजूत लहानपणापासून अंगात मुरलेली असते आणि फळ्यावरच्या डेरिव्हेशनने ती हलत नाही.

निर्णय काय घेतला

प्रिसिला लॉज या डिकिन्सनला १९६५ पासून फिजिक्स शिकवत होत्या. १९८६ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या, उच्च शिक्षणात सुधारणा करण्यासाठी असलेल्या निधीतून त्यांना ग्रँट मिळाली आणि १९८७-८८ पासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कॅल्क्युलसवर आधारलेला फर्स्ट इयरचा कोर्स मुळापासून बदलला. त्याला नाव दिलं वर्कशॉप फिजिक्स.

बदल कुठे केला ते नीट बघा, कारण लोक नेमकं तेच विसरतात आणि थेट त्या कोर्समधल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या सेन्सरवर जातात. त्यांनी टाइमटेबल बदललं. तिकडे सर्रास असतं तसं आठवड्याला तीन लेक्चर आणि एक तीन तासांची लॅब हे सगळं मोडलं आणि त्या जागी आठवड्याला दोन-दोन तासांची तीन सत्रं ठेवली, म्हणजे एकूण तास जवळपास तेवढेच राहिले, पण थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं ही भिंतच गेली. औपचारिक लेक्चर बंद. एका सेक्शनमध्ये जास्तीत जास्त २४ विद्यार्थी, एक प्रोफेसर, आणि मदतीला आधी हाच कोर्स करून पुढच्या वर्षांत गेलेले विद्यार्थी. टेबलं गटागटाने मांडलेली, दोघांत एक कॉम्प्युटर, आणि खोलीच्या मध्ये मोकळी जागा, जिथे सगळ्यांनी मिळून करायचे मोठे प्रयोग करता येतील.

दुसरा निर्णय त्याहून धाडसाचा. पोर्शन सुमारे २५ टक्के कापला. हाताने करून, आपसात वाद घालून शिकायचं तर वेळ लागतो, आणि तो वेळ कुठून तरी काढावाच लागतो, तर त्यांनी तो सिलॅबसमधून काढला आणि तसं स्पष्ट सांगितलं. पुढे या कोर्सची जी अ‍ॅक्टिव्हिटी गाइड पुस्तकरूपात आली तिच्यात चार मॉड्युल आणि २८ युनिट आहेत: गती आणि न्यूटनचे नियम, मग संवेग-ऊर्जा-भ्रमण-दोलन, मग उष्णता, आणि मग वीज आणि चुंबकत्व. तरंग आणि प्रकाश यांना स्वतःचं मॉड्युल नाही. पण केऑसला (सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पुढचं सगळं बदलून टाकणाऱ्या गतीला) जागा आहे, आणि घरात साठणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची मोजणी करायला एक पूर्ण युनिट आहे. म्हणजे नुसतं कापलं असं नाही, पोरांना हाताने मोजता येईल आणि आजच्या फिजिक्सशी नातं लागेल अशा गोष्टी आत घेतल्या. प्रकाशशास्त्र फर्स्ट इयरला नसावं हे मला स्वतःला पटत नाही, लेन्स आणि प्रिझम हाताळण्यासारखं सोपं दुसरं काय आहे, पण निवड करावीच लागेल हे मान्य करणं ही पहिली पायरी आणि ती त्यांनी ओलांडली.

दोन तासांत नेमकं काय चालतं

एक सत्र जवळून बघू, सगळ्यात सुरुवातीचं, गतीच्या आलेखांचं. टेबलाच्या कडेला मोशन डिटेक्टर ठेवलेला असतो. त्यातून माणसाला ऐकू न येणारा आवाजाचा ठोका बाहेर जातो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. तुम्ही दोन मीटरवर उभे असाल तर आवाजाला जाऊन-येऊन चार मीटर जायचंय, सेकंदाला साधारण ३४० मीटर या वेगाने १२ मिलिसेकंदांच्या आसपास. सुरुवातीच्या डिटेक्टरमध्ये पोलरॉइड कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसमधलाच ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि परत पकडणारा भाग) वापरलेला होता, आणि अर्ध्या मीटरच्या आत आलं की त्याला नीट वाचता यायचं नाही. असे ठोके सेकंदाला वीस वगैरे वेळा जातात आणि तुम्ही चालताना स्क्रीनवर आलेख तयार होत जातो.

पण चालायच्या आधी गाइड सांगते, अंदाज काढ. "सावकाश, एकसारख्या वेगाने डिटेक्टरपासून लांब जा, मग थांब, मग भरभर परत ये" असं लिहिलेलं, आणि खाली रिकामे अक्ष. पेन्सिलने आलेख काढायचा, शेजारच्याशी ताडून बघायचा, भांडायचं, आणि मग उठून प्रत्यक्ष चालायचं. अंतर-वेळ आलेख बऱ्याच जणांना जमतो. वेग-वेळ आलेखात गंमत होते. "एकसारख्या वेगाने लांब जा" म्हटल्यावर पोरं वर चढणारी तिरकी रेघ काढतात, कारण डोक्यात अजून अंतराचाच आलेख असतो. प्रत्यक्ष चालतात तर स्क्रीनवर आडवी रेघ, आणि परत येताना तीच रेघ शून्याच्या खाली. मग उलटा खेळ, स्क्रीनवर आधीच एक आलेख दिलेला आणि त्याच्याशी जुळेल असं चालून दाखवायचं, तेव्हा कुणी पुढे सरकतंय, कुणी मागे धडपडतंय, गटातली बाकीची "अरे उलटं, उलटं" ओरडतायत, आणि ऋण वेग म्हणजे काय हे पायांना कळतं. व्याख्या येते त्यानंतर. वहीत समीकरण त्याच्याही नंतर.

हा क्रम गाइडमध्ये जवळपास प्रत्येक युनिटला आहे: आधी तुला काय वाटतं ते लिही, मग नुसतं बघ, मग बोलून-भांडून व्याख्या आणि गणितापर्यंत ये, आणि शेवटी मोजून तपास. आपल्याकडे नेमका उलटा चालतो, आधी सूत्र, मग जर्नलमध्ये "एम (म्हणजे उद्देश): टु व्हेरिफाय".

आलेख लगेच दिसण्याला किती किंमत आहे यावर एक सुंदर अभ्यास आहे. १९८७ मध्ये हेदर ब्रासेल यांनी हायस्कूलच्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर तपासलं, एका गटाला चालताना तिथल्या तिथे आलेख दिसला आणि दुसऱ्याला तोच आलेख अवघ्या वीसेक सेकंदांनी उशिरा. उशिरावाल्या गटाचा फायदा जवळजवळ गेलाच. वीस सेकंद फक्त! आपल्या प्रॅक्टिकलला पोरं सोमवारी रीडिंग घेतात, रविवारी रात्री ग्राफ पेपरवर ठिपके मांडतात आणि मंगळवारी जर्नल तपासायला देतात, आता विचार करा त्या ग्राफचा त्या ट्रॉलीशी डोक्यात काय संबंध उरला असेल.

दुसरं सत्र सांगते, टकरीचं, कारण हे मला सगळ्यात जास्त आवडतं. दोन गाड्या, प्रत्येकीवर एक फोर्स सेन्सर, एका गाडीवर वजनं लादून ती दुसरीच्या कितीतरी पट जड केलेली. प्रश्न: जड गाडी वेगाने येऊन उभ्या हलक्या गाडीवर आदळली तर कोण कोणावर जास्त बल लावेल? न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि तरी जवळपास सगळे लिहितात जड गाडी जास्त. ट्रक आणि रिक्षाची टक्कर आपण सगळ्यांनी पाहिलीय ना, रिक्षाचं काय होतं ते माहितीय. मग टक्कर घडवतात. सगळा खेळ सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतो, म्हणून सेन्सर फार भराभर वाचायला लावलेला असतो, आणि स्क्रीनवर दोन रेघा येतात, एक वर, एक खाली, तंतोतंत एकमेकींची आरशातली प्रतिमा. पोरांना वाटतं सेन्सर बिघडलाय. ते सेन्सर अदलाबदल करतात, शून्य पुन्हा सेट करतात, वजन वाढवतात, गाडी ढकलून बघतात, हलकी गाडी जडीवर सोडतात, काहीही करा, रेघा सारख्याच. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की बल सारखं आहे पण वस्तुमान कमी म्हणून हलकीचा वेग जास्त बदलला, आणि दुसरा आणि तिसरा नियम एकत्र बसतात. शिक्षकाने इथे काय केलं? फिरत राहिला, आणि "सेन्सर बिघडलाय" म्हटल्यावर "तपासून बघ" एवढंच म्हणाला. उत्तर सांगितलं असतं तर दहा सेकंदांत काम झालं असतं आणि काहीच झालं नसतं.

सगळं कॉम्प्युटरवर होतं असंही नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. बोलिंगचा जड चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि रबरी हातोडीने सारख्या जोराच्या टपल्या मारत न्यायचा, तर तो भरभर पळायला लागतो आणि टपली मारणाऱ्याची दमछाक होते, म्हणजे सतत बल असलं की वेग वाढत जातो, स्थिर राहत नाही. तोच चेंडू गोल फिरवायला सांगितला की पोरं तो ज्या दिशेने जायला हवा त्या दिशेने टपली मारतात आणि तो सरळ निघून जातो, मध्याकडे टपल्या मारायला लागल्यावर वळतो. केंद्राकडचं बल हा शब्द त्याआधी कुणी उच्चारलेलाही नसतो. फिरत्या स्टुलावर हात पसरून-आखडून गिरकी घेणं आहे (त्याच डिपार्टमेंटमधले केनेथ लॉज हे बॅले नृत्याच्या फिजिक्सवर काम करायचे, त्यामुळे गिरकीला तिथे मान असणारच), बंद नळीतली हवा दट्ट्याने एकदम दाबून आतला कागदाचा तुकडा पेटवणं आहे, रबरबँड ताणून-तापवून इंजिनाचं चक्र समजून घेणं आहे.

आणि विजेची सुरुवात तर अगदी स्वस्त. एक सेल, एक वायर, एक टॉर्चचा बल्ब, होल्डर नाही, पेटवून दाखव. बारावी पास झालेल्या पोरांना यात वेळ लागतो, आणि बल्बला दोन टोकं असतात, एक खालचं आणि एक बाजूचं धातूचं, हे तिथे कळतं. मग दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये, कुठला जास्त उजळ? पुष्कळ जण म्हणतात पहिला, कारण तो करंट "वापरतो" आणि दुसऱ्याला उरलेला मिळतो. लावून बघितलं की दोन्ही सारखे. किर्चहॉफच्या नियमावर मार्क मिळवलेल्या पोराची ही समजूत तशीच असू शकते आणि आपल्या परीक्षेत ती कधी पकडलीच जात नाही.

फरक पडला का

पडला. डिकिन्सनसोबत दोन जागी समांतर काम चालू होतं, टफ्ट्स युनिव्हर्सिटीत रॉन थॉर्नटन आणि ओरेगॉन युनिव्हर्सिटीत डेव्हिड सोकोलॉफ. या दोघांनी बल आणि गतीच्या समजुतीसाठी वेगळी टेस्ट केली, १९९८ मध्ये ती छापली, आणि त्यातून दिसलं की नेहमीच्या शिकवणीनंतर न्यूटनच्या पद्धतीने विचार करणाऱ्यांची संख्या थोडीशीच वाढते, तर आधी अंदाज, मग लगेच दिसणारा आलेख असा क्रम वापरला की मोठा बहुसंख्य वर्ग त्या बाजूला येतो.

त्याच वर्षी रिचर्ड हेक यांनी ६२ कोर्सेसचे, ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. त्यांनी वापरलेलं माप समजून घ्या, सोपं आहे: कोर्सच्या आधी जेवढं येत नव्हतं त्यातलं किती आलं. आधी ४० टक्के, नंतर ५५, तर ६० पैकी १५ कमावले, म्हणजे ०.२५. पारंपरिक लेक्चरच्या १४ कोर्सेसची सरासरी ०.२३ निघाली, आणि विद्यार्थ्यांना वर्गातच करायला, बोलायला लावणाऱ्या ४८ कोर्सेसची ०.४८. हे ४८ म्हणजे सगळे वर्कशॉप फिजिक्स नव्हेत, त्यात तऱ्हेतऱ्हेच्या पद्धती आहेत, शिवाय अशी टेस्ट समज मोजते, लांबलचक गणित सोडवायचं कसब मोजत नाही, हे दोन्ही लक्षात ठेवूनच तो आकडा वापरावा. तरी पण दुपटीचा फरक आहे.

आता किंमत. विद्यार्थी खूश झाले का, तर सगळे नाही. डिकिन्सनला सुद्धा काहींना ही पद्धत अजिबात आवडली नाही, काम फार पडतं, आणि सर सरळ सांगत का नाहीत ही तक्रार. एमआयटीने २००० नंतर विद्युत-चुंबकत्वाच्या कोर्समध्ये गोल टेबलं, प्रयोग आणि गटचर्चा असं मोठ्या वर्गासाठी आणलं तेव्हा २००३ मध्ये विद्यार्थ्यांनी त्याच्या विरोधात सह्यांचं निवेदन दिलं होतं. पद्धत टिकली, हजेरी वाढली, नापास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, पण विरोध खरा होता. त्याचं कारण २०१९ मध्ये हार्वर्डच्या फर्स्ट इयर फिजिक्सवरच्या एका प्रयोगात छान दिसलं: एकाच कोर्सची पोरं, तोच टॉपिक, एक गट उत्तम लेक्चर ऐकतो आणि दुसरा स्वतः सोडवत शिकतो, टेस्टमध्ये दुसरा गट पुढे, पण "किती शिकलो असं वाटतं" विचारलं तर लेक्चरवाले पुढे. गुळगुळीत लेक्चर ऐकताना सगळं कळतंय असं वाटतं, आणि स्वतः धडपडताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. म्हणून जो शिक्षक हे सुरू करेल त्याने पोरांना हे पहिल्याच आठवड्यात सांगावं, तो हार्वर्डचा निकाल दाखवावा, नाहीतर फीडबॅक फॉर्म वाचून तो स्वतःच हाय खाईल आणि परत फळ्याकडे वळेल.

शिक्षकाचं काम वाढतं हेही खरं. चोवीस पोरांच्या बारा टेबलांवर बारा वेगळ्या चुका एकाच वेळी चालू असतात, आणि कुठल्या टेबलावर थांबायचं, कुठे पुढे जायचं, कुठे गप्प बसायचं हे लेक्चर देण्यापेक्षा अवघड कसब आहे. डिकिन्सनला पुढच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांची मदत होती म्हणून हे जमलं असं मला वाटतं. आपल्याकडे टीवाय-एमएस्सीची पोरं असतात, फर्स्ट इयरच्या बॅचला त्यांना कोणी बसवत नाही.

आपल्या बीएस्सीला यातलं काय घेता येईल

पहिली अडचण पैशाची असेल असं वाटतं, पण ती आता खूपच लहान झालीय. मोशन डिटेक्टर हवाय ना, रोबोट बनवणारी पोरं जो एचसी-एसआर-०४ नावाचा अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरतात तो शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास मिळतो, साधारण दोन सेंटिमीटर ते चार मीटर वाचतो, आर्ड्युइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला की त्याच्या सॉफ्टवेअरमधल्या सीरियल प्लॉटरवर आलेख चालता-चालता दिसतो. कपड्यांवरून आवाज नीट परत येत नाही, रेघ थरथरते, म्हणून चालणाऱ्याने पोटाशी ड्रॉइंग बोर्ड किंवा पुठ्ठा धरावा, लगेच साफ येते. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने बनवलेलं एक्सपआइज नावाचं उपकरण आहे, खास आपल्या कॉलेजांसाठी, कमी किमतीत सेन्सर, ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर सगळं एका डबीत. जर्मनीत आखेनच्या युनिव्हर्सिटीने केलेलं फायफॉक्स अ‍ॅप फुकट आहे आणि प्रत्येक पोराच्या खिशातल्या फोनमधला अ‍ॅक्सिलरोमीटर (वेग किती भराभर बदलतो ते मोजणारा सेन्सर) उघडून देतं. ट्रॅकर हे व्हिडिओवरून गती मोजायचं सॉफ्टवेअर सुद्धा फुकट. सेल आणि बल्ब तर सांगायलाच नको.

खरी अडचण टाइमटेबलची आणि क्रेडिटची आहे. आपल्याकडे थिअरीचा एक क्रेडिट १५ तासांचा आणि प्रॅक्टिकलचा ३० तासांचा, दोन्हींचे पेपर वेगळे, पासिंग वेगळं, शिकवणारे बऱ्याचदा वेगळे, त्यामुळे दोन-दोन तासांचं एकच सत्र हे डिकिन्सनचं मूळ काम आपल्या एखाद्या शिक्षकाच्या हातात नाहीच. स्वायत्त कॉलेजच्या बोर्ड ऑफ स्टडीजच्या, म्हणजे सिलॅबस ठरवणाऱ्या मंडळाच्या हातात मात्र आहे, आणि तिथे बसणाऱ्यांनी एखाद्या पेपरपुरतं तरी हे करून बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. निदान मेकॅनिक्स. थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास एकाच शिक्षकाला, सलग, एकाच खोलीत. आणि पोर्शन कापावा. चौथाई नाही जमलं तर निदान फळ्यावरची ती डेरिव्हेशन्स काढावीत जी पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरतात.

सेन्सर विकत घेऊन प्रॅक्टिकल जुन्याच पद्धतीने चालू ठेवणं हा सगळ्यात वाया जाणारा खर्च आहे. सेन्सर आले, जर्नलमध्ये एम, अ‍ॅपरेटस, प्रोसिजर, ऑब्झर्व्हेशन टेबल, रिझल्ट तसंच राहिलं, तर पोरं कॉम्प्युटरवरून आकडे उतरवून घेतील आणि गुरुत्वत्वरण "जी" ९८० च्या जवळ आला की निघून जातील. आत्ता सुद्धा पेंड्युलमची रीडिंग्ज उत्तरावरून उलटी काढली जातात हे प्रत्येक लॅब असिस्टंटला माहीत आहे, आणि त्यात पोरांची लबाडी मला दिसत नाही, उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रयोगात दुसरं करण्यासारखं असतं तरी काय. जर्नलच्या प्रत्येक प्रयोगात एमच्या आधी एक पान अंदाजाचं वाढवा, पेनने लिहायचं, खोडायचं नाही, चुकलं तरी मार्क कापायचे नाहीत. याला ना मंजुरी लागते ना ग्रँट.

आणि ज्यांच्या वर्गात १२० पोरं बाकावर बसतात त्यांच्यासाठी सोकोलॉफ आणि थॉर्नटन यांनी १९९७ मध्येच एक तोडगा लिहून ठेवलाय. समोर एकच ट्रॉली, एकच सेन्सर, प्रोजेक्टर. प्रयोग समजावून सांगायचा, एकदा करूनही दाखवायचा, पण आलेख न दाखवता. प्रत्येकाला दोन कागद. पहिल्यावर आपला अंदाज काढायचा, शेजाऱ्याशी बोलायचं, हवा तर बदलायचा, दोन-तीन वेगवेगळे अंदाज फळ्यावर घ्यायचे कुणाचं बरोबर हे न सांगता, आणि मग प्रयोग परत करायचा, या वेळी आलेख पडद्यावर दाखवत. खरा आलेख दुसऱ्या कागदावर उतरवून तो पोरांनी घरी न्यायचा, पहिला शिक्षकाने गोळा करायचा, मार्कांसाठी नाही, फक्त हजेरीसाठी. ते गोळा केलेले कागद संध्याकाळी चाळायला अर्धा तास लागतो, आणि न्यूटनचा दुसरा नियम पुढच्या लेक्चरला परत घ्यायचा की पुढे जायचं ते त्यावरून ठरवता येतं.